पीठ कच्चं की भाजलेलं? डाळी-कडधान्यांच्या पिठांचा पहिला धडा

माझ्या हातचं पहिलं पिठलं सुरीने कापावं लागलं होतं. नोकरीसाठी नुकतंच घर सोडलेलं, भाड्याच्या खोलीत एक शेगडी, एक कढई आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं पाव किलो बेसन. वरून पिठलं चांगलं गुळगुळीत दिसत होतं, पण गुठळी फोडली की आतून कोरडं पिवळं पीठ सांडायचं. आईला फोन लावला. ती आधी मनसोक्त हसली आणि मग म्हणाली, "अगं, ते पीठ कच्चं असतं. मेतकुटासारखं कालवून खायचं नसतं, शिजवायचं असतं." पिठात कच्चं आणि भाजलेलं असा काही भेद असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आता कुणी नवशिकं विचारायला आलं की मी तिथूनच सुरुवात करते. बेसन, साधं उडदाचं पीठ, मुगाचं पीठ ही कच्ची पिठं. डाळ जशी होती तशी गिरणीत गेली. मेतकूट, डांगराचं म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ, थालिपिठाची भाजणी, चकलीची भाजणी आणि बहुतेक घरांतलं कुळथाचं पीठ ही भाजलेली. दाणा आधी कढईत भाजला गेला, मग दळला गेला. कच्च्या पिठाला पाणीही हवं आणि आचही हवी, दोन्ही पोटभर. भाजलेलं पीठ थोडक्यात शिजतं, आणि मेतकूट-डांगर तर पुन्हा शिजवावंच लागत नाही. डबा उघडला की आधी वास घ्या. ओल्या हरभऱ्यासारखा हिरवट, उग्र वास आला तर पीठ कच्चं. फुटाण्यासारखा खमंग आला तर भाजलेलं.

तो हिरवट वास येतो कुठून? डाळीत थोडं तेल असतं. दळताना दाणा फुटतो, डाळीतलंच एक विकर (एन्झाइम) त्या तेलावर काम करायला लागतं आणि वास सुटतो. आच लागली की विकर निकामी होतं, वास उडून जातो. म्हणून पिठलं झालं का हे घड्याळापेक्षा नाकाला विचारावं. दुसरी गोष्ट, या पिठांना गव्हासारखा चिवटपणा नसतो, कारण त्यांत ग्लुटेन नाही. बेसनाची कणीक मळून पोळी लाटायला गेलात तर ती कडेने तडकणार. ताणायचं काम त्यांच्याकडून होत नाही. दाटपणा आणणं, दुसऱ्या जिन्नसाला धरून ठेवणं, कुरकुरीत होणं, ही त्यांची कामं.

दुकानात आणि गिरणीत

पहिल्या महिन्यात फक्त बेसन आणा, तेही अर्धा किलो. दुकानात ते दोन प्रकारचं मिळतं. बारीक असतं ते पिठलं, भजी, धिरडी यांसाठी. रवाळ, जाडसर असतं ते लाडवांसाठी. जाड बेसनाचं पिठलं खाताना जिभेला कचकच लागते. आणि बारीक बेसनाचा लाडू टाळ्याला चिकटतो, हे दिवाळीत कळून उपयोग नसतो, आधीच माहीत असलेलं बरं.

सुट्टं बेसन फारच स्वस्त वाटलं तर त्यात वाटाण्याच्या डाळीचं पीठ असण्याची शक्यता धरा. त्याने अपाय होत नाही, पण चव पडते आणि पिठलं मिळमिळीत लागतं. लाखेच्या डाळीची भेसळ ही जास्त गंभीर गोष्ट. ती डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायांतली शक्ती जाऊ शकते, आणि त्याच कारणाने १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. जुन्या बायका बेसन विकत न आणता हरभऱ्याची डाळ आणून, निवडून, डोळ्यांसमोर दळून घ्यायच्या, त्यामागे हा धसका होता.

गिरणी जवळ असेल तर तुम्हीही तेच करा. डाळ निवडा, तासभर कडक उन्हात ठेवा किंवा कढईत नुसती गरम करून घ्या. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त दमटपणा जायला हवा. गार झाली की दळायला द्या. गिरणीवाल्या काकांना एकच विचारायचं: "आधी कशाचं दळण झालंय?" मिरची किंवा बाजरीनंतर लगेच तुमची डाळ जात्यात पडली तर पहिली ओंजळभर पिठात तो वास येतोच. घरात कुणाला गव्हाची अडचण असेल तर सार्वजनिक गिरणीचं पीठ टाळलेलंच बरं. मिक्सरमध्ये थोडं थोडं दळून बारीक चाळणीने चाळा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे 'ग्रॅम फ्लोअर' लिहिलेल्या पाकिटात आपलं हरभराडाळीचं बेसन असतं, आणि 'चिकपी फ्लोअर' बहुधा काबुली चण्याचं असतं. दुसऱ्याचंही पिठलं होतं, पण पाण्याचा अंदाज बदलतो. सगळं पाणी एकदम ओतू नका.

खालच्या मापांत वाटी म्हणजे आमटीची मध्यम वाटी, साधारण १५० मिलिलिटरची. तीत चाळलेलं बेसन ७० ग्रॅमच्या आसपास बसतं. चमचा म्हटलं की पोह्यांचा.

पहिलं पिठलं

दोघांसाठी १ वाटी बेसन, ४ वाट्या पाणी, १ मोठा कांदा, ६-७ लसूण पाकळ्या, ३-४ हिरव्या मिरच्या, ३ चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, मीठ, मूठभर कोथिंबीर. बेसन चाळून घ्या. हा आळस करू नका, निम्म्या गुठळ्या इथेच संपतात.

पिठलं करायच्या दोन रीती. जुनी रीत पीठ वैरायची: फोडणीवर पाणी ओतून आधण आणायचं आणि एका हाताने कोरडं पीठ भुरभुरत दुसऱ्या हाताने रवी किंवा उलथनं फिरवायचं. आई-आजीच्या हाताला ते जमतं, कारण त्यांचे दोन हात एकमेकांशी बोलतात. नवख्याने पीठ कालवून घ्यावं. पातेल्यात बेसन घ्या आणि आधी फक्त पाऊण वाटी पाणी घाला. घट्ट लापशीसारखं झालं की चमच्याने घोटा, गुठळी दिसली की कडेला दाबून मोडा. सगळं सारखं झालं की मग आणखी सव्वा वाटी पाणी ओता. एकदम सगळं पाणी घातलं तर गुठळ्या पोहायला लागतात आणि हाती लागत नाहीत. माझ्या पहिल्या पिठल्याचं हेच झालं होतं.

कढईत तेल तापवा. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, मग ठेचलेला लसूण. लसणाच्या कडा तांबूस झाल्या की मिरची आणि कांदा. कांदा मऊ झाला की हळद. उरलेलं २ वाट्या पाणी आणि मीठ घालून खळखळून उकळी येऊ द्या. आता गॅस मध्यम करा, कालवलेलं पीठ पुन्हा एकदा ढवळा, कारण ते तळाशी बसलेलं असतं, आणि धार धरून कढईत ओता. ओतताना दुसरा हात थांबू द्यायचा नाही. दोन-तीन मिनिटांत पिठलं दाट होतं आणि नवशिक्याला वाटतं, झालं!

झालेलं नसतं. दाट होणं आणि शिजणं या दोन वेगळ्या गोष्टी. गॅस अगदी बारीक करा, झाकण ठेवा, ७-८ मिनिटं शिजवा, मधून दोनदा तळापासून हलवा. झाकण सांभाळून काढा, कारण पिठलं ज्वालामुखीसारखं फुटफुटतं आणि मनगटावर उडालं की चांगलंच चटकतं. वास घ्या. हिरवटपणा गेलेला असेल, वर तकाकी आली असेल, कडेला तेलाची बारीक रेघ दिसत असेल. आता कोथिंबीर घाला. ताटात पडल्यावर पिठलं आणखी आळतं, म्हणून कढईत ते तुम्हाला हवं त्यापेक्षा थोडं सैल असताना उतरवा. फार घट्ट झालं तर उकळतं पाणी घालायचं, गार नाही. गार पाण्याने पिठलं फुटल्यासारखं दिसतं.

भाकरी येत नसेल तर गरम भात घ्या, वर कच्चं तेल, शेजारी हिरव्या मिरचीचा ठेचा. भाकरीचं नंतर बघू.

पाणी कमी केलं की याच पिठल्याचा झुणका होतो. १ वाटी बेसनाला सव्वा वाटीच पाणी, तेल मात्र दुप्पट, कांदाही दुप्पट. कांदा परतला की कोरडं बेसन त्यावर टाकून ४-५ मिनिटं मंद आचेवर परता, वरून गरम पाण्याचा हबका मारा, झाकून वाफ काढा, उलथन्याने मोकळा करा, पुन्हा वाफ. तेलात कंजूषपणा केला तर झुणका घशाखाली उतरत नाही. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर द्यायची योजना काढली होती. तेव्हापासून कित्येकांच्या तोंडी 'झुणका' हा शब्द म्हणजे स्वस्त जेवण असाच बसला. पण नीट तेल-कांदा घातलेला झुणका काही फार स्वस्त पडत नाही.

त्याच पिठाची पुढची कामं

पिठलं तीनदा नीट जमलं की धिरड्याकडे वळा. मराठी घरांत त्यालाच टोमॅटो ऑम्लेट म्हणतात, आणि अंड्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. १ वाटी बेसन, २ चमचे तांदळाचं पीठ, बारीक चिरलेला एक कांदा आणि एक टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, चिमूटभर ओवा, हळद, तिखट, मीठ. पाणी पाऊण वाटीपासून सुरू करा, कारण टोमॅटोला स्वतःचं पाणी सुटतं. पीठ पळीवाढं हवं, म्हणजे पळीने ओतल्यावर हळूहळू पसरणारं. १५ मिनिटं झाकून ठेवा. एवढ्या वेळात पीठ पाणी पितं आणि दाट होतं. चमचाभर पाणी पुन्हा घालावं लागेल. बीड्याचा तवा चांगला तापवा, तेल पुसा, मग आच मध्यम करून पीठ पसरा. कडेने तेल सोडा, झाकण ठेवा. वरचा ओला रंग जाऊन पृष्ठभाग कोरडा दिसेपर्यंत उलटायचं नाही. घाईत उलटलेलं धिरडं फाटतं, कारण ते धरून ठेवायला ग्लुटेन नाही.

भिजवून ठेवण्याचं हे तंत्र फक्त आपलं नाही. इटलीत जेनोव्हाच्या बाजूला फरिनाता आणि फ्रान्समधल्या नीस शहरात सोक्का नावाचं चण्याच्या पिठाचं धिरडंच विकतात: पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस. ते पीठ कित्येक तास भिजवून ठेवतात आणि मोठ्या परातीसारख्या भांड्यात, कडक तापलेल्या भट्टीत भाजतात. त्यात मिरची-कोथिंबीर नाही हे मात्र मला अजून पटलेलं नाही.

पीठ पेरून केलेली भाजी हा नोकरदार माणसाचा आधार. ढोबळी मिरची, मेथी, कांद्याची पात, कोबी, काहीही चालतं. अर्धी वाटी बेसन कोरड्या कढईत मंद आचेवर ५-६ मिनिटं भाजा. रंग एक छटा गडद झाला, खमंग वास आला की ताटलीत काढा. कढईतच ठेवलं तर खाली जळतं. भाजी फोडणीत अर्धवट शिजली की वरून हे पीठ पेरा, हलवू नका, झाकण ठेवून ४ मिनिटं वाफ येऊ द्या आणि मग हलक्या हाताने एकत्र करा. भाजी फारच कोरडी असेल तर पाण्याचे शिंतोडे.

भज्यांबद्दल थोडक्यात सांगते. खेकडा भज्यांना पाणी घालायचंच नाही. उभा चिरलेला कांदा मीठ-तिखट लावून १० मिनिटं ठेवा, त्याला पाणी सुटतं, त्यात मावेल तेवढंच बेसन आणि चमचाभर तांदळाचं पीठ, वर चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. बटाटा भज्यांचं पीठ मात्र काप झाकला जाईल इतकं दाट हवं. तेल पुरेसं तापलं का, हे पाहायला पिठाचा एक थेंब सोडा. तो लगेच वर आला पण काळा पडला नाही, तर ठीक. आणि मीठ बरोबर आहे का हे कच्चं पीठ चाटून बघू नका. एक भजं तळून बघा, तेवढं निमित्तही मिळतं.

वड्यांमध्ये पाटवडी आधी शिका. १ वाटी बेसन पाऊण वाटी पाण्यात कालवा. फोडणीत पाऊण वाटी पाणी उकळून त्यात हे घाला आणि हाटत राहा. ५ मिनिटांत गोळा कढई सोडू लागतो. झाकून मंद आचेवर आणखी ५ मिनिटं वाफ काढा. तेल लावलेल्या ताटात ओल्या हाताने थापा, वर खोबरं, खसखस, कोथिंबीर दाबा, गार झाल्यावर कापा. विदर्भात या वड्या झणझणीत रश्शात सोडतात. पहिल्या दिवशी मी नकळत पाटवडीच केली होती म्हणायची, फक्त कच्ची.

सुरळीच्या वडीला मात्र थोडा हात बसू द्या. १ वाटी बेसन, १ वाटी आंबट दाट ताक, २ वाट्या पाणी, आणि गुठळी एकही नको. मंद आचेवर ८-१० मिनिटं न थांबता हलवायचं. मग थोडंसं ताटलीवर पुसून अर्धं मिनिट थांबा. सोलून निघालं तर तयार, चिकटलं तर आणखी हलवा. पसरायला दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. तेल लावलेली ताटं आधीच मांडून ठेवा आणि त्या वेळात कुणाचा फोन घेऊ नका.

कुळीथ, म्हणजेच हुलगा

माझं माहेर रत्नागिरीकडचं, सासर नगरकडचं. माहेरी ज्याला कुळीथ म्हणतात त्यालाच सासरी हुलगा म्हणतात, आणि दोन्ही घरांना आपलंच खरं वाटतं. दाणा तोच: चपटा, तांबूस-करडा, मसुरीहून जरा लहान. कोकणात त्याची पिठी होते, घाटावर माडगं आणि शेंगोळे होतात. माझ्या मते बेसनानंतर नवख्याने दुसरं पीठ आणावं ते हेच. ते फार माफ करणारं पीठ आहे. गुठळी राहिली तरी भाजलेलं असल्यामुळे कच्चट लागत नाही, आणि १० मिनिटांत जेवण तयार होतं.

पीठ घरी करायचं असेल तर पाव किलो कुळीथ घ्या आणि उजेडात नीट निवडा. कुळथात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे असतात, आणि दाताखाली आल्याशिवाय ते आपली ओळख देत नाहीत. जाड बुडाच्या कढईत मंद ते मध्यम आचेवर ८-१० मिनिटं सतत हलवत भाजा. दाणे तडतडू लागतील, रंग गडद होईल, वास खरपूस येईल. पसरून पूर्ण गार करा. मिक्सरमध्ये आधी दोन-तीनदा फक्त फिरवून-थांबवून भरडा, म्हणजे सालं सुटतील. सूप असेल तर पाखडा. नसेल तर पंख्यासमोर एका ताटातून दुसऱ्या ताटात वरून ओता, सालं उडून जातात. हे गच्चीवर करा, स्वयंपाकघरात केलंत तर आठवडाभर सालं सापडत राहतील. मग बारीक दळा, चाळा. थोडं साल राहिलं तर बिघडत नाही, पिठीला रंग येतो.

पिठीसाठी ४ चमचे पीठ अर्ध्या वाटी पाण्यात कालवून ठेवा. २ चमचे तेलात हिंग, हळद, ८-१० ठेचलेल्या लसूण पाकळ्या, चिरलेला कांदा, लाल तिखट किंवा हिरवी मिरची. कांदा मऊ झाला की २ वाट्या पाणी, मीठ आणि ३-४ आमसुलं. उकळी आली की कालवलेलं पीठ धार धरून सोडा आणि हलवत राहा. ६-७ मिनिटं मंद उकळू द्या. शेवटी मूठभर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. सरसरीत हवी, भातावर ओतल्यावर वाहायला हवी. पावसाळ्यात आठ-आठ दिवस भाजी आणायला बाहेर पडता यायचं नाही, तेव्हा आमच्या घरी मऊ भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला पापड एवढ्यावर जेवण व्हायचं, आणि कुणाची तक्रार नसायची. मासे खाणाऱ्या घरांत शेजारी सुकट असे.

शेंगोळ्यांसाठी २ वाट्या हुलग्याच्या पिठाला १ वाटी गव्हाचं किंवा ज्वारीचं पीठ लागतं. एकट्या हुलग्याच्या पिठाला वळताना भेगा जातात, गहू ते बांधून धरतो. लसूण-जिऱ्याचं वाटण, तिखट, मीठ, थोडं तेल घालून घट्ट मळा, तळहातावर करंगळीएवढ्या वळ्या करून कडी जोडा. लसणाच्या सणसणीत फोडणीत भरपूर पाणी उकळा, त्यात एकेक सोडा. सगळे एकदम टाकले तर गोळा होतो. १५-२० मिनिटं शिजवा. एक मोडून बघा, मध्ये कोरडा ठिपका दिसायला नको. रस दाट हवा असेल तर ताटात उरलेलं पीठ पाण्यात कालवून त्यातच ओता. सासूबाई तसंच करतात, आणि परात धुवायचं कामही हलकं होतं.

ज्यांना आच लागत नाही

डांगर म्हटल्यावर खानदेशातला माणूस लाल भोपळा घेऊन येईल, आणि काही घरांत पापडाच्या तेल लावलेल्या कच्च्या लाट्या पुढे येतील. मी सांगते ते भाजलेल्या उडदाच्या पिठाचं डांगर. १ वाटी उडदाची डाळ मंद आचेवर गुलाबीसर होईपर्यंत भाजा, साधारण १० मिनिटं लागतात. शेवटच्या मिनिटात त्यातच १ चमचा धणे, अर्धा चमचा जिरं. गार करून बारीक दळा. खायच्या वेळी ३ चमचे पीठ, अर्धी वाटी दही किंवा दाट ताक, बारीक चिरलेला कांदा, मीठ, आणि वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीची फोडणी. उडीद चिकट असतो आणि फुगतो; पाच मिनिटांत हेच डांगर चमच्याला चिकटून बसेल. म्हणून कालवताना सैल ठेवा आणि ताट वाढल्यावरच कालवा. इथे डाळ मनापासून भाजलेली हवी, कारण पुढे आच मिळणार नाही. घाईत भाजलेल्या डाळीचं डांगर बुळबुळीत आणि कच्चट लागतं.

मेतकूट हे याच कुळातलं थोरलं भावंड. आमच्याकडचं प्रमाण: १ वाटी हरभराडाळ, अर्धी वाटी उडदाची डाळ, पाव वाटी तांदूळ, २ चमचे गहू, १ चमचा धणे, १ चमचा जिरं, पाव चमचा मेथ्या, पाव चमचा मोहरी, २ लाल मिरच्या, दळताना सुंठ, हळद, हिंग. प्रत्येक घरात हे बदलतं. न बदलणारी गोष्ट एकच: प्रत्येक जिन्नस वेगवेगळा भाजायचा. हरभराडाळ भाजून होईपर्यंत जिरं जळून कोळसा झालेलं असतं. मेथी तर जराशी तांबूस होताच उतरवा, करपली तर अख्खा डबा कडू. मऊ भात, साजूक तूप, मेतकूट, चिमूटभर मीठ. तापातून उठलेल्या माणसाला हे देतात, आणि तापाशिवाय खायलाही हरकत नसते.

थालिपिठाच्या आणि चकलीच्या भाजणीचा विस्तार इथे करत नाही. पहिल्या वर्षी त्या विकत आणा. चकलीची भाजणी तर नक्कीच, कारण तिथे प्रमाण जरा चुकलं की चकली तेलात विरघळते.

एक पीठ घरी करू नका

हल्ली कुठलंही कडधान्य मिक्सरमध्ये फिरवून पीठ करायची हौस दिसते. राजम्याच्या बाबतीत ती करू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, त्याने काही तासांत मळमळ, उलट्या, जुलाब होतात. राजमा भिजवून, ते पाणी फेकून, खळखळून उकळत शिजवला की ते प्रथिन नष्ट होतं. नुसता कोमट राहिला तर होत नाही. त्याच्या कच्च्या पिठाची पाच मिनिटांची धिरडी करणं म्हणजे पोट धरून बसायची तयारी. सोयाबीनचं पीठही कच्चं वापरायचं नसतं. कणकेत मिसळायला भाजलेल्या सोयाबीनचंच घ्या. आपल्या नेहमीच्या हरभरा, मूग, उडीद, कुळीथ यांना ही भीती नाही. त्यांचा त्रास म्हणजे वायू. कारण डाळींतल्या काही शर्करा आपल्या पोटाला पचत नाहीत, त्या आतड्यांतल्या जिवाणूंच्या वाट्याला जातात. हिंग, ओवा, लसूण, आमसूल या पदार्थांत जागोजाग दिसतात ते नुसत्या चवीसाठी नव्हे, अशी घरोघरी समजूत आहे. पहिल्या आठवड्यात रोज पिठलं खाऊ नका, एवढं मी माझ्याकडून सांगते.

डबा

पीठ झालं की त्याचं वय मोजायला सुरुवात होते. डाळ वर्षभर टिकते, तिचं पीठ नाही, कारण दाण्यातलं तेल आता हवेला उघडं पडलेलं असतं. कच्चं बेसन घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात महिना-दोन महिने चांगलं राहतं. पावसाळ्यात तेवढाही भरवसा नको. फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरायच्या आधी तासभर बाहेर काढा, नाहीतर डब्यात ओल धरते. पिठात बारीक जाळी दिसली, चाळणीत पोरकिडे आले किंवा चवीला कडवट लागलं, तर ते भाजून चालवून घ्यायचं नाही, टाकायचं. नवं पीठ जुन्यावर ओतू नका, आधी डबा रिकामा करून, पुसून, उन्हात ठेवा. ओला चमचा कधीच नको. मेतकुटाचा डबा घरात नेहमी त्यानेच बिघडतो, आणि तो चमचा कुणी घातला हे कधीच कळत नाही.

डब्यांवर कागदाची पट्टी चिकटवा. तीवर पिठाचं नाव, दळल्याची तारीख आणि तिसरी गोष्ट लिहायची: कच्चं की भाजलेलं.